‘ॲट वन्स’ म्हणजे एकदम

लग्नकार्यात कुणी माझ्याबद्दल विचारलं की माझ्या यजमानांची पंचाईत व्हायची. “वहिनी काय करतात?” “ती मशीनची पुस्तकं लिहिते.” विचारणारा आधी माझ्या पैठणीकडे बघायचा, मग माझ्या बोटांना कुठे ग्रीस लागलंय का ते बघायचा आणि “अरे वा, छान” म्हणून बासुंदीकडे वळायचा. घरी आल्यावर मी कुरकुरायची, “लिहिते नव्हे, भाषांतर करते म्हणावं.” ते म्हणायचे, “तेवढं समजावेपर्यंत पंगत उठते.” आता मी निवृत्त झाले आहे आणि संपादकांनी पानं मोकळी दिली आहेत, तेव्हा पंगतीची घाई न करता सांगते.

बाजार खुला झाला त्या सुमाराला बडोद्याच्या भोवती परदेशी यंत्रं यायला लागली. छाणीच्या लहान वर्कशॉपांत तैवानची, सावली गावाकडच्या रस्त्यावरच्या मोठ्या कारखान्यांत जर्मनीची, इटलीची. लाकडी खोक्यांत गवतासारख्या भुशात निजून ती यायची, आणि त्यांच्या उशाला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक असायचं. यंत्र तिकडचं, चालवणारी माणसं मात्र इथली. त्या पुस्तकांचं आणि यंत्रावरच्या पाट्यांचं गुजराती, हिंदी आणि कधीमधी मराठी करून द्यायचं, हे माझं काम. आमच्या घरात ही खोड जुनीच. आजोबा संस्थानच्या कचेरीत मराठी हुकमांचं गुजराती करायचे. घरात मराठी, शेजारी गुजराती आणि शाळेत इंग्रजी असं वाढल्यामुळे मला तीन भाषांत भांडता येतं, एवढ्या भांडवलावर मी धंदा सुरू केला. मांजलपूरच्या घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल, एक टाइपरायटर, पुढे संगणक, आणि दाराशी मोपेड.

लोकांना वाटतं, अवघड शब्द अवघड असतात. छे! हायड्रॉलिक, थर्मोस्टॅट, कॉम्प्रेसर या मोठ्या शब्दांनी मला कधी त्रास दिला नाही. कामगार ते शब्द आपल्याच आजोळचे असल्यासारखे वापरतात. जीव काढतात ते बारके. दोन-दोन, तीन-तीन शब्दांच्या त्या इंग्रजी जोड्या. प्रत्येक शब्द पहिल्या पुस्तकातला, आणि एकत्र आले की काय करतील याचा नेम नाही. ‘ॲट ऑल’, ‘सो फार’, ‘फॉर गुड’. शब्दकोशात त्या कुठेतरी तळाला, बारीक टायपात असतात. मी त्यांना मुंग्या म्हणायची.

छाणीचे रमणभाई पिठाच्या घरगुती गिरण्या बनवायचे. एकदा ते छापून आणलेल्या स्टिकरांचा गठ्ठाच घेऊन आले. “बेन, आनुं गुजराती करी आपो ने.” स्टिकरवर त्यांनी स्वतः बनवलेलं इंग्रजी होतं, ‘डू नॉट पुट हँड इन हॉपर ॲट ऑल टाइम्स.’ हॉपर म्हणजे धान्य ओतायचं तोंड. कुठल्यातरी परदेशी पाटीवर ‘ॲट ऑल टाइम्स’ वाचून त्यांना ते फार भारदस्त वाटलं होतं. मी म्हटलं, “रमणभाई, याचा अर्थ होतो, सदासर्वकाळ हात घालत बसू नका.” ते विचारात पडले. मग अगदी गंभीरपणे म्हणाले, “एटले कायम नहीं, पण कोईक वार हाथ नखाय?” अधूनमधून घातला तर चालेल का, हा त्यांचा प्रश्न माझ्या आयुष्यातला व्याकरणावरचा सगळ्यात सुंदर प्रश्न आहे. शेवटी त्यांनी घरच्या मंडळींना बसवून प्रत्येक स्टिकरची शेपटी ब्लेडने कापली. बडोद्यातल्या कितीतरी स्वयंपाकघरांत ते लांडे स्टिकर पुढे मी पाहिले, आणि प्रत्येक वेळी यजमानीणबाईंना न सांगता हसले.

पण ज्या जोडीने मला खरोखर थक्क केलं, ती ‘ॲट वन्स’. तिची गोष्ट हसण्यासारखी नाही.

सावलीच्या रस्त्यावर औषधांना लागणारी रसायनं बनवणारा एक कारखाना होता. त्यांच्याकडे एक जर्मन यंत्र आलं होतं. यंत्र म्हणजे एक प्रचंड बंद भांडं, आपल्या कुकरचा खापरपणजोबा म्हणा. आत वाफेवर रसायन शिजायचं. त्याला दोन व्हॉल्व्ह होते. वरचा वाफ सोडायला, खालचा आतला माल काढायला. दाब फार वाढला तर भोंगा वाजायचा. तेव्हा करायचं ते इतकंच, की आधी वरचा व्हॉल्व्ह उघडून वाफ जाऊ द्यायची, दाबाचा काटा खाली आला की मग खालचा. दोन्ही एकाच वेळी उघडले तर आतला उकळता माल खालून पिचकारीसारखा सुटणार. म्हणून यंत्राबरोबरच एक पाटी आली होती, लाल अक्षरांत, इंग्रजी. ‘इन केस ऑफ अलार्म, डू नॉट ओपन बोथ व्हॉल्व्ह्ज ॲट वन्स.’

ही पाटी माझ्याकडे आली नाही. “आमचे सगळे ऑपरेटर बारावी पास आहेत, इंग्रजी वाचतात,” असं कारखान्याचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. सगळ्यांना ती पाटी वाचता येत होती, आणि घोळ तिथेच होता.

एके दिवशी कारखान्याच्या पर्सोनेल खात्याच्या देसाईसाहेबांचा फोन आला. “सुनंदाबेन, एक ज वाक्यनुं काम छे. आवी जाव ने.” एका वाक्यासाठी सावलीच्या रस्त्याला? मी गेले. त्यांनी कागदावर ते वाक्य लिहून माझ्यापुढे ठेवलं आणि विचारलं, यात ‘ॲट वन्स’ म्हणजे काय? मी म्हटलं, “एकत्र. एकाच वेळी. दोन्ही एकाच वेळी उघडू नका.” देसाईसाहेबांचा चेहरा उजळला. “बस, एटलुं ज लखी आपो. सही साथे.” एवढंच लिहून द्या, सहीसकट.

सही म्हटल्यावर मी सावध झाले. एवढ्याशा अर्थाला सही कशाला, असं विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. काही आठवड्यांपूर्वी भोंगा वाजला होता. व्हॉल्व्हवर दिनकर सावंत नावाचे ऑपरेटर होते. त्यांनी वरचाही उघडला नाही आणि खालचाही नाही. नुसते उभे राहिले. दाब वाढत गेला, एका जोडाचं गॅस्केट फाटलं आणि उकळतं पाणी बाजूला पंपावर असलेल्या भरतभाईंच्या उजव्या हातावर उडालं. कोपरापासून मनगटापर्यंत हात भाजला. कंपनीने सावंतांवर चौकशी बसवली होती. भोंगा ऐकून गर्भगळीत झाला, कर्तव्यात कसूर केली, असा आरोप. सावंतांचं म्हणणं, मी पाटीप्रमाणे वागलो. आणि पाटीचा खरा अर्थ काय, हे मी सही करून सांगायचं होतं. थोडक्यात, मी खरं बोलले तर त्या माणसाची नोकरी जाणार होती, आणि खोटं मला बोलता येत नव्हतं.

मी चौकशीच्या तारखेपर्यंत वेळ मागून घेतला. देसाईसाहेबांना ते रुचलं नाही. “एक शब्द माटे?” ते म्हणाले. एका शब्दासाठी एवढा वेळ? मी म्हटलं, “दोन शब्द आहेत, साहेब.”

बाहेर मोपेडपाशी एक माणूस उभा होता. पन्नाशीकडे झुकलेला, सडसडीत, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेला. “मॅडम, मी दिनकर सावंत. ते वाक्य माझंच.” वडील रेल्वेत होते म्हणून कुटुंब चिपळूणकडून बडोद्याला आलं ते इथलंच झालं, असं त्यांनी सांगितलं. मग उगाच घुटमळत न राहता मुद्द्यावर आले.

“आमच्या गुरुजींनी शिकवलं, ॲट वन्स म्हणजे ताबडतोब. ‘कम हिअर ॲट वन्स.’ घोटून घेतलं होतं. आता पाटीवर काय? भोंगा झाला तर दोन्ही व्हॉल्व्ह ताबडतोब उघडू नका. मला ते पटलं पण होतं. घरी कुकरचं झाकण आपण लगेच उघडतो का? थांबतोच ना? तसा मी थांबलो. व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवून उभा होतो, काटा खाली यायची वाट बघत. तो वरच चालला. हात मी काढला नाही, मॅडम. गॅस्केट फाटलं तेव्हाही चाकावरच होता.”

कुकरपाशी मीही रोज तशीच थांबत होते. पाटीचा त्यांनी लावलेला अर्थ चुकीचा असेल, पण वेडगळ मुळीच नव्हता.

“नोकरीचं बघून घेईन,” सावंत म्हणाले. “भरत बोलत नाही माझ्याशी. त्याने मला फक्त उभा राहिलेला बघितलाय. त्याला वाटतं मी घाबरलो आणि त्याला भाजू दिलं. इतकी वर्षं एका शिफ्टला आहोत. तो मासे खात नाही म्हणून माझ्या डब्यात कधी मासे नसतात. कंपनीच्या बसमध्ये तो माझी जागा धरायचा. आता त्या जागेवर पिशवी ठेवतो.”

मोपेडवर घरी येईपर्यंत ती पिशवी माझ्या डोळ्यांपुढून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले, कारण यंत्राच्या दुरुस्तीसाठी जर्मनीहून इंजिनियर आला होता. त्याला सगळे क्लाउससाहेब म्हणायचे. कँटीनमध्ये तो केळं खात बसला होता. आमच्या जेवणातल्या फक्त केळ्यावर त्याचा विश्वास बसला होता. मी त्याला विचारलं, पाटीवरचं वाक्य कुणी लिहिलं? तो म्हणाला, “आमच्याकडेच. आधी जर्मनमध्ये लिहिलं, मग इंग्रजी केलं.” मूळ शब्द काय होता? “औफ आइनमाल.” म्हणजे? “एकाच वेळी.” दुसरा काही अर्थ? “नाही, नाही.” मग तो थांबला. हातातलं केळं त्याने हळूच ताटलीत ठेवलं. “अचानक असाही होतो,” तो म्हणाला. “आइन म्हणजे एक. माल म्हणजे वेळ, खेप. एका खेपेत.” आणि माझ्याकडे असं बघायला लागला की जणू त्याची स्वतःची भाषा त्याला मी आत्ताच दाखवली होती.

माझी अवस्था वेगळी नव्हती. इंग्रजीतला ‘वन्स’ म्हणजे एकदा, म्हणजे तिथेही एकच. त्याचे अर्थ दोन, लगेच आणि एकाच वेळी. जर्मनमध्येही एकच, आणि तिथेही अर्थ दोन, अचानक आणि एकाच वेळी. या दोघी बहिणी, एकीचं दुसरीला लागलं असेल, असं म्हणून मी मनाची समजूत घातली. ती समजूत संध्याकाळपर्यंतच टिकली.

संध्याकाळी जेवताना आमच्या दोन्ही मुली कशावरून तरी भांडत होत्या. यजमान वैतागून म्हणाले, “दोघी एकदम बोलू नका!” धाकटीने तोंड मिटलं. थोरलीच्या अंगात मात्र तेव्हा वकील शिरलेला असायचा. ती म्हणाली, “बरं बाबा, एकदम नाही बोलत. पाच मिनिटं थांबून दोघी मिळून बोलतो.”

माझा घास हातातच राहिला. सगळे हसत होते आणि मी तो शब्द मनातल्या मनात घोळवत होते. एकदम! रोज शंभर वेळा तोंडातून जाणारा शब्द. ‘एकदम उठून गेला’ म्हणजे लगेच, अचानक. ‘सगळे पाहुणे एकदम आले’ म्हणजे एकाच वेळी. दोन्ही अर्थ आपल्याही घरात शेजारी शेजारी नांदत होते, आणि मी, शब्दांवर पोट भरणारी बाई, त्यांच्याकडे कधी वळून बघितलं नव्हतं. शब्द आला फारसीतून. एक दम, म्हणजे एक श्वास. गुजरातीनेही तोच घेतला. इंग्रजांनी ‘एकदा’ म्हटलं, जर्मनांनी ‘एक खेप’ म्हटलं, इराणातल्या कुणी ‘एक श्वास’ म्हटलं, आणि सगळे फिरून त्याच दोन अर्थांच्या दाराशी आले!

का, याचा मी बराच विचार केला. मला वाटतं ते असं. ‘एक’ म्हटलं की मधली फट बुजते. दोन कामांमधली फट बुजवली तर ती एकाच वेळी होतात. सांगणं आणि करणं यातली फट बुजवली तर ते लगेच होतं. कुठली फट बुजवायची ते शब्द सांगतच नाही, ते ऐकणारा ठरवतो. इतका मोठा निर्णय आपण कानावर सोपवतो आणि एरवी तो बिनबोभाट बरोबर घेतो, याचंच मला जास्त आश्चर्य वाटलं. जगभरची माणसं दिवसाकाठी किती वेळा असं काहीतरी म्हणत असतील, आणि तरी भाजलेले हात इतके थोडे! त्या दिवसापासून बोलणाऱ्या माणसांबद्दल मला जो आदर वाटायला लागला, तो आजही उतरलेला नाही.

चौकशी कारखान्याच्या मीटिंगच्या खोलीत होती. चौकशी अधिकारी म्हणून शहरातले एक वकील नेमले होते, मेहतासाहेब. वयस्क, बारीक आवाजाचे, सतत चष्मा पुसणारे. त्यांच्या शेजारी बोललेलं उतरून घेणारा टायपिस्ट. एका बाजूला देसाईसाहेब आणि कंपनीचे साक्षीदार म्हणून भरतभाई. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला सावंत एकटे. भरतभाई ठेंगणे, भरदार मिशांचे. उजव्या हातावर पांढरं सैल फडकं गुंडाळलेलं, आणि तो हात त्यांनी मांडीवर असा जपून ठेवला होता की जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. सावंतांकडे ते एकदाही बघत नव्हते.

मला विचारलं, तेव्हा मी खरं तेच सांगितलं. इंग्रजीत ‘बोथ’ असेल तर ‘ॲट वन्स’चा अर्थ सहसा ‘एकाच वेळी’ असाच घेतला जातो. देसाईसाहेबांनी समाधानाने मान हलवली. सावंत टेबलाच्या कडेकडे बघत राहिले. मग मी मेहतासाहेबांना म्हटलं, “पण मी भाषांतर करणारी आहे, आणि माझी एक पद्धत आहे. ‘समजलं का?’ असं मी कामगाराला कधीच विचारत नाही. समजलं का म्हटलं की सगळे हो म्हणतात. मी म्हणते, करून दाखवा. आपली परवानगी असेल तर या खोलीतही मला तेच करायचंय.”

मेहतासाहेबांनी चष्मा पुसला आणि हाताने चालू द्या अशी खूण केली.

मी फळ्यावर गुजरातीत लिहिलं, ‘भोंगो वागे त्यारे बन्ने वाल्व एकदम खोलवा नहीं.’ भोंगा वाजेल तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडायचे नाहीत. इंग्रजी वाक्याचं हे साधं, सरळ, कुणीही करील असं गुजराती होतं. आणि विचारलं, हे वाचून तुम्ही काय कराल?

देसाईसाहेब तर तयारच होते. “बन्ने साथे नहीं खोलवाना. एमां शुं पूछवानुं?” दोन्ही एकत्र उघडायचे नाहीत, यात विचारायचं काय!

मी आपल्याला विचारीन असं टायपिस्टला वाटलं नव्हतं. तो दचकला आणि म्हणाला, “धीमे धीमे खोलवाना. झटको नहीं मारवानो.” हळूहळू उघडा, हा तर तिसराच अर्थ निघाला! माझ्याही ध्यानात न आलेला. मला त्याला मिठी मारावीशी वाटली.

मेहतासाहेब हसले. “अरे भाई, एटले उतावळ नहीं करवानी,” ते म्हणाले. घाई करू नका. “थोडी वार…” थोडा वेळ थांबायचं, असं म्हणता म्हणता ते अडखळले. आपण आरोपीचंच वाक्य बोललो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. चष्मा त्यांनी डोळ्यांवर ठेवला आणि मग बराच वेळ पुसला नाही. देसाईसाहेब म्हणाले, “साहेब, आ तो शब्दनी रमत छे.” शब्दांचा खेळ आहे नुसता. मेहतासाहेब म्हणाले, “पाटी पण शब्दनी ज हती ने.” पाटीही शब्दांचीच होती ना.

इथे मला थांबता आलं असतं. काम झाल्यासारखं होतं. भरतभाईंना विचारायचं असं मी ठरवून आले नव्हते. तो माणूस होरपळलेला, रागावलेला, कंपनीच्या बाजूला बसलेला. त्याने ‘साथे’ म्हटलं असतं तर सगळं मुसळ केरात. पण मला बसमधल्या जागेवरची पिशवी दिसायला लागली. नोकरी वाचली असती आणि पिशवी तिथेच राहिली असती, तर सावंतांना त्याचा काय उपयोग?

मी म्हटलं, “भरतभाई, तमे?”

सावंतांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत ‘नको’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

“मने शुं काम पूछो छो?” भरतभाई म्हणाले. “हुं तो पंप पर हतो.” मला कशाला विचारता, मी तर पंपावर होतो.

“माहीत आहे. पण समजा त्या दिवशी व्हॉल्व्हवर तुम्ही असता. ही पाटी समोर आहे. भोंगा वाजतोय. बोलू नका, फक्त करून दाखवा.”

ते नाखुशीने उठले. फळ्यावरचं वाक्य त्यांनी ओठ हलवत वाचलं, पुन्हा वाचलं. मग त्यांनी डावा हात पुढे केला. उजवा त्यांना उचलता येत नव्हता. हवेत, छातीच्या उंचीवर, नसलेल्या चाकावर त्यांनी तो हात ठेवला. मी बघत होते, आता चाक फिरणार, एक, मग दुसरं. बोटं वळली, चाक धरलं, आणि हात तिथेच थांबला.

थांबलाच.

भरतभाई फळ्याकडे बघत होते. मग हळूहळू स्वतःच्या त्या थांबलेल्या हाताकडे बघायला लागले. “राह जोवानी,” ते म्हणाले. वाट बघायची. हे त्यांनी मला उत्तर म्हणून सांगितलं, पण सांगता सांगताच त्यांचा आवाज बदलला. हात तसाच हवेत होता आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की तसा चेहरा मी त्यानंतर कुठे पाहिला नाही.

“तो तो हुं पण ऊभो ज रह्यो होत,” ते म्हणाले. म्हणजे मीसुद्धा उभाच राहिलो असतो.

टायपिस्टने विचारलं, “साहेब, आ लखुं?”

“लखो,” मेहतासाहेब म्हणाले. “जेम बोल्या तेम ज.” जसं बोलले तसंच लिहा.

चौकशीचा निकाल यथावकाश सावंतांच्या बाजूने लागला. लाल पाटी उतरवली गेली आणि नवीन पाटी लिहायचं काम माझ्याकडे आलं. तीन भाषांत मी ती लिहिली, त्यात ‘एकदम’ नव्हता आणि ‘ॲट वन्स’ही नव्हता. ‘आधी वरचा उघडा. काटा खाली आला की खालचा उघडा.’ एवढं साधं वाक्य खोकं उघडलं त्या दिवशीच कुणी लिहून घेतलं असतं, तर भरतभाईंचा हात शाबूत राहिला असता. त्याची हळहळ मला आहे आणि राहील. पुढे कितीतरी कारखान्यांच्या पाट्या मी लिहिल्या. आता म्हणे संगणकच भाषांतर करतो. करू दे. पण त्याला ‘करून दाखवा’ म्हणणारं कुणी आहे का, ते मला ठाऊक नाही.

हे सगळं नंतरचं. त्या दिवशी त्या खोलीत मेहतासाहेब कागद आवरत होते, देसाईसाहेब खिडकीतून बाहेर बघत होते, आणि भरतभाई फळ्यापाशी तसेच उभे होते. सावंत उठले. टेबलाला वळसा घालून त्यांच्यापर्यंत गेले, पण हाताच्या अंतरावर थांबले. त्या माणसाशी ते किती दिवसांनी बोलत होते कोण जाणे. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला.

“हुं बीधो नहोतो, भरत,” ते म्हणाले. मी घाबरलो नव्हतो.

भरतभाईंनी तो हवेतला हात आता कुठे खाली आणला, आणि आणता आणता सावंतांच्या खांद्यावर ठेवला.

“खबर छे,” ते म्हणाले. ठाऊक आहे. मग त्याला ‘आता’ जोडलं. “हवे खबर छे.”